वेशीवर थांबलेलं गाव

बालमित्रांनो, घरात जगाचा नकाशा असेल तर काढा बरं. नसेल तर शाळेच्या भिंतीवरचा डोळ्यांपुढे आणा. इंग्लंड सापडलं? आता त्या देशाच्या साधारण मध्यावर बोट ठेवा. तिथे शेफिल्ड नावाचं मोठं शहर आहे. सुऱ्या, कात्र्या आणि पोलाद यांसाठी ते फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या शेफिल्डपासून वीसेक किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव आहे. नकाशात ते दिसणार नाही, इतकं लहान. वस्ती सुमारे हजाराची.

या गावाचं नाव लिहिताना ई, वाय, ए, एम अशी चार इंग्रजी अक्षरं लिहितात. आपण ते वाचणार 'एयाम'. पण तिथे जाऊन कुणाला 'एयाम कुठे आहे हो?' असं विचारलंत, तर ते गालातल्या गालात हसतील. कारण गावकरी म्हणतात 'ईम'. बस्स, एवढंच!

मी स्वतः ईमला गेलेली नाही. पण त्या गावाबद्दल मी इतकं वाचलंय, इतके नकाशे आणि फोटो पाहिलेत, की डोळे मिटले की तिथला रस्ता दिसतो. दरवर्षी माझ्या वर्गातल्या मुलांना मी त्या रस्त्यावरून फिरवून आणते. आज तुमची पाळी. चला तर!

दगडांचं गाव

आपण पोचलोय डर्बीशायर परगण्यात. आजूबाजूला हिरवेगार डोंगर, त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या आणि मैलच्या मैल पसरलेली दगडी कुंपणं. ही कुंपणं नुसते दगडावर दगड रचून केलेली असतात. मध्ये ना चुना, ना सिमेंट! आपल्याकडे कोकणात गडगे घालतात ना, तशीच. हा सगळा भाग 'पीक डिस्ट्रिक्ट' म्हणून ओळखला जातो. १९५१ साली ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथेच झालं.

गावातली घरंही दगडाचीच. भिंती दगडाच्या, आणि जुन्या घरांवरची छपरंही दगडी फरश्यांची. पूर्वी इथली बरीच माणसं शेती करत, मेंढ्या पाळत आणि जमिनीखालच्या खाणींतून शिसं काढत. गावच्या चौकात लाकडाच्या फळ्यांचा एक खोडा अजून जपून ठेवलाय. गुन्हा करणाऱ्याचे पाय त्या फळ्यांच्या भोकांत अडकवून त्याला सगळ्यांसमोर बसवून ठेवत. अंगठे धरून उभं राहण्याची शिक्षा त्यापेक्षा बरी, नाही का?

गावाच्या मधोमध आहे सेंट लॉरेन्सचं चर्च. हे गावाचं पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे एक गाव आणि त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्या. या सगळ्यांचं मिळून जे एक चर्च असतं, ते पॅरिश चर्च. मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा तिथेच, लग्न तिथेच, आणि माणूस गेलं की दफनही तिथल्याच आवारात. यातल्या प्रत्येक गोष्टीची चर्चच्या नोंदवहीत नोंद होते. आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर असतं ना, ज्यात तुमच्या आजोबांचंही नाव सापडतं, तसंच हे गावाचं जनरल रजिस्टर म्हणा ना!

चर्चच्या आवारात शिरलं की आधी नजर जाते ती एका उंच दगडी क्रूसाकडे. हा क्रूस आठव्या शतकातला आहे. म्हणजे बाराशे वर्षांहून जुना! आपल्या वेरूळचं कैलास लेणं डोंगरातून कोरलं गेलं, तेही आठव्याच शतकात. त्याच काळात इकडे कुणीतरी कारागीर छिन्नी-हातोडी घेऊन या क्रूसावर वेलबुट्टी आणि देवदूत कोरत बसला होता. क्रूसाच्या खांबाचा थोडा भाग आता नाही, पण वरचे दोन्ही हात शाबूत आहेत. इतक्या जुन्या क्रूसाचे हात टिकणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

चर्चच्या भिंतीवर वर पाहा. तिथे एक सूर्यघड्याळ आहे, १७७५ सालचं. एक तिरपी पट्टी, तिची सावली आणि खाली आखलेल्या पुष्कळ रेषा. सावली कुठल्या रेषेवर पडते ते पाहून वेळ ओळखायची. दूरदूरच्या देशांतली वेळ काढता यावी म्हणूनही त्यावर रेषा आखलेल्या आहेत. ऊन पडलं तरच हे घड्याळ चालतं बरं का, आणि इंग्लंडात ढगांचीच गर्दी फार!

आता चर्चच्या आत जाऊ. जाड दगडी खांब, भिंतींवर शेकडो वर्षांपूर्वीची पुसट झालेली चित्रं, रंगीत काचांच्या खिडक्या. यातली एक खिडकी मात्र फार जुनी नाही, १९८५ सालची आहे. ती जवळ जाऊन नीट पाहा. या खिडकीत या गावाची गोष्ट रंगवलेली आहे. जवळच एका पुस्तकात नावांची यादी आहे. पानामागून पान, नावामागून नाव. बाया, पुरुष, आजोबा, तान्ही बाळं. सगळी एकाच गावची आणि सगळी चौदा महिन्यांत गेलेली.

ही यादी कसली, ते सांगते.

शिंप्याच्या घरी आलेलं गाठोडं

गोष्ट आहे १६६५ सालची. त्या वर्षी लंडन शहरात प्लेगची भयंकर साथ आली होती. एकट्या लंडनमध्ये सुमारे एक लाख माणसं दगावली असावीत, असा अंदाज आहे. पण लंडन ईमपासून अडीचशे किलोमीटर दूर. तेव्हा ना आगगाडी, ना मोटार. डोंगरातल्या या गावाला त्या साथीची काय भीती?

ईममध्ये अलेक्झांडर हॅडफिल्ड नावाचा शिंपी राहत होता. त्याने लंडनहून कापड मागवलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला कापडाची पेटी आली. हॅडफिल्डच्या घरी जॉर्ज व्हिकर्स नावाचा एक मदतनीस होता. त्याने पेटी उघडली, तर कापड दमट झालेलं. व्हिकर्सने ते चुलीच्या जाळासमोर पसरलं. ऊब लागली, कापड वाळलं. आणि त्याबरोबर कापडात दडलेल्या पिसवाही जाग्या झाल्या, असं आता मानतात.

दोन-चार दिवसांतच व्हिकर्स तापाने फणफणला. अंगावर गाठी आल्या. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याला चर्चच्या आवारात पुरलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी त्याच घरातला एडवर्ड कूपर हा लहान मुलगा गेला. मग शेजारच्या घरातलं कुणी, मग त्याच्या पलीकडच्या. ती घरं अजून उभी आहेत. चर्चच्या अगदी शेजारी. 'प्लेगची घरं' म्हणूनच ती ओळखली जातात. प्रत्येक घराबाहेर हिरवी पाटी आहे आणि त्या घरातलं कोण कोण गेलं ते त्यावर लिहिलंय. आणि दोस्तांनो, त्या घरांत आजही माणसं राहतात. खिडकीत पडदे आहेत, अंगणात फुलं आहेत.

हिवाळा आला तशी साथ थंडावली. लोकांना वाटलं, सुटलो! पण १६६६ चा उन्हाळा सुरू झाला आणि प्लेगने पुन्हा डोकं वर काढलं. जूनमध्ये तर रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात रडारड. ज्यांच्याकडे पैसा होता, दुसरीकडे घर होतं, अशी काही मोजकी कुटुंबं गाव सोडून निघून गेली. बाकीचे लोकही सामानाची बांधाबांध करू लागले.

दोन धर्मगुरू

चर्चचे धर्मगुरू होते विल्यम मॉम्पेसन. वय जेमतेम अठ्ठावीस. गावात येऊन दोनच वर्षं झालेली. गावकऱ्यांना ते फारसे आवडत नसत. कारण? कारण लोकांचं प्रेम होतं थॉमस स्टॅनली या आधीच्या धर्मगुरूंवर. प्रार्थना कशी करायची याबद्दल राजाने नवे नियम केले, ते स्टॅनलींना पटले नाहीत, म्हणून त्यांना चर्च सोडावं लागलं होतं. म्हणजे नव्या बाईंनी वर्ग घेतला, पण मुलं जुन्या बाईंनाच शोधत राहिली, तसं काहीसं.

एकमेकांशी न पटणाऱ्या या दोघांनी मग एक गोष्ट केली. दोघं एकत्र बसले आणि गावापुढे एकत्र उभे राहिले. मॉम्पेसनना ठाऊक होतं, की आपल्या एकट्याचं कुणी ऐकणार नाही. त्यांनी गावाला सांगितलं ते थोडक्यात असं :

आपण पळालो तर प्लेगही आपल्याबरोबर जाईल. शेफिल्डला जाईल, आसपासच्या प्रत्येक गावात जाईल. तेव्हा कुणी गाव सोडायचं नाही. बाहेरच्या कुणी आत यायचं नाही. ज्याच्या घरचं माणूस जाईल त्यानेच आपल्या शेतात, परसात त्याला पुरायचं. चर्चचं दार बंद. प्रार्थना उघड्या जागेवर होईल, आणि प्रत्येक कुटुंब दुसऱ्यापासून अंतर ठेवून उभं राहील.

वाचताना काही आठवलं? २०२० साली करोना आला, तेव्हा आपणही दोन माणसांमध्ये अंतर ठेवून उभे होतो. दुकानासमोर खडूने गोल आखले होते. तुम्ही तेव्हा लहान असाल. आईबाबांना विचारा, ते सांगतील. ईमच्या लोकांनी हे साडेतीनशे वर्षांपूर्वी केलं. तेही रोग कशाने होतो याचा कुणालाच पत्ता नसताना!

गाव तयार झालं.

चर्चपासून जवळच एक दरी आहे, 'कक्लेट डेल्फ' नावाची. तिथे चुनखडीच्या खडकात निसर्गानेच कमानी कोरल्यात. मॉम्पेसन त्या खडकावर उभे राहत आणि लोक खाली गवतावर दूरदूर. दर रविवारी त्या गवतावरची मोकळी जागा वाढत गेली.

भोकं पाडलेला दगड

पण मग खायचं काय? गाव बंद म्हणजे बाजार बंद, दळण बंद.

ईमपासून एखाद्या किलोमीटरवर स्टोनी मिडल्टन नावाचं गाव आहे. दोन गावांच्या मध्ये, पायवाटेवर एक मोठा दगड आहे. त्याला सहा भोकं पाडलेली आहेत. ही ईमची वेस. मिडल्टनचे लोक इथे पीठ, मीठ, औषधं आणून ठेवत आणि मागे फिरत. ईमचे लोक नंतर येऊन ते घेऊन जात आणि पैसे त्या भोकांत ठेवत. भोकांत काय भरलेलं असे, ओळखा! व्हिनेगर. म्हणजे आंबट शिरका. शिरक्यात बुडवलेल्या नाण्यांना रोग चिकटत नाही, असा त्यांचा समज होता. गावाच्या वरच्या बाजूला एक झरा आहे. त्याला आता 'मॉम्पेसनची विहीर' म्हणतात. तिथे वाहत्या पाण्यात नाणी ठेवत. जवळच चॅट्सवर्थच्या वाड्यात राहणारे डेव्हनशायरचे अर्ल, म्हणजे तिथले मोठे सरदार, गावाला धान्य आणि गरजेच्या वस्तू पाठवत होते.

तो दगड आजही तिथेच आहे. येणारी-जाणारी मुलं त्याच्या भोकांत बोटं घालून पाहतात. कधी कुणी त्यांत चिल्लर ठेवून जातं.

ईमच्या लोकांनी वेस पाळली, पण बाहेरच्या जगालाही त्यांची भीती होतीच. ईमची एक बाई जवळच्या टाइड्सवेल गावच्या बाजाराला गेली. ती कुठली हे कळताच लोकांनी चिखल मारून तिला हाकलून लावलं, अशी एक आठवण तिथे सांगतात.

वेशीवरची आणखी एक गोष्ट ऐका. ईमची एमट सिडल आणि मिडल्टनचा रोलंड टॉर यांचं लग्न ठरलं होतं. साथ आल्यावर ते दोघं दरीच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांना दुरूनच पाहत. जवळ येणं नाही, बोलणं नाही. १६६६ च्या एप्रिलच्या शेवटी एमट दिसेनाशी झाली. रोलंड तरीही येत राहिला. साथ संपल्यावर गावात आत शिरणाऱ्या पहिल्या काही माणसांत तो होता म्हणे. तेव्हा त्याला कळलं, की एमट कधीच गेली होती.

रायलीचं शेत

आता गावाबाहेर थोडं चढून जाऊ. इथे उघड्या माळावर दगडी भिंतीचं एक छोटंसं गोल कुंपण आहे आणि आत काही थडगी. याला 'रायलीची थडगी' म्हणतात. इथे एलिझाबेथ हॅनकॉक नावाची बाई आपल्या कुटुंबाबरोबर राहत होती. १६६६ च्या ऑगस्टमध्ये, अवघ्या आठ दिवसांत तिचा नवरा आणि सहा मुलं गेली. नियम असा, की ज्याचं माणूस त्याने पुरायचं. त्या सातही जणांना तिने एकटीने ओढत नेऊन एकटीने पुरलं. समोरच्या टेकडीवरून मिडल्टनचे लोक पाहत होते, असं सांगतात. पण मदतीला येण्याची सोय नव्हती.

तिचा एक मोठा मुलगा शेफिल्डला काम शिकायला राहिला होता, म्हणून तो वाचला. पुढे एलिझाबेथ त्याच्याकडे गेली.

ही गोष्ट सांगताना मी दरवर्षी थोडी थांबते. वर्गही चिडीचूप होतो.

पण सगळंच गाव काही संतांचं नव्हतं बरं का. मार्शल हाऊ नावाचा एक धिप्पाड माणूस होता. त्याला प्लेग होऊन तो बरा झाला होता. 'आता मला पुन्हा होत नाही' असं म्हणून तो ज्यांच्या घरी कुणीच उरलं नाही त्यांना पुरायचं काम करू लागला आणि मोबदला म्हणून त्यांच्या घरातल्या वस्तू उचलू लागला. पण त्याच ऑगस्टमध्ये त्याची बायको आणि मुलगा दोघंही प्लेगने गेले.

आणि मार्गारेट ब्लॅकवेलची गंमत तर ऐकाच. तापात तहानेने कासावीस होऊन तिने म्हणे दूध समजून डुकराच्या मांसाची गरम चरबीच पिऊन टाकली आणि ती चक्क बरी झाली! चरबीने बरी झाली असं मात्र समजू नका. प्लेग झालेल्यांपैकी काहीजण आपोआप वाचतात, त्यातली ती एक.

मॉम्पेसन यांचं घर

विल्यम मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन आणि दोन लहान मुलं, जॉर्ज आणि एलिझाबेथ. गाव बंद होण्याआधी मुलांना दूर नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. कॅथरीनलाही जायला सांगितलं होतं. ती गेली नाही. नवऱ्याबरोबर घरोघर जाऊन ती आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिली.

ऑगस्ट महिना सर्वांत वाईट होता. एका महिन्यात पंच्याहत्तरहून जास्त माणसं गेली. २५ ऑगस्टला कॅथरीन गेली. चर्चच्या आवारात, त्या जुन्या क्रूसाजवळच तिचं थडगं आहे. चर्चच्या आवारात दफन बंद असूनही तिला तिथे जागा मिळाली.

१ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा माणूस गेला आणि साथ थांबली. एकूण सुमारे २६० माणसं गेली होती. गावात मुळात किती माणसं होती? पूर्वी लोक साडेतीनशे म्हणत. आता अभ्यासकांना ती सातशेच्या आसपास असावीत असं वाटतं. कसंही मोजा, तीन माणसांतलं निदान एक गेलं. पण आसपासच्या गावांत प्लेग पसरला नाही.

मॉम्पेसन पुढे १६६९ साली दुसऱ्या एका गावी धर्मगुरू म्हणून गेले. तिथल्या लोकांना त्यांची इतकी धास्ती वाटली, की सुरुवातीला त्यांना गावाबाहेर एका झोपडीत राहावं लागलं! साथ संपून तीन वर्षं झाली होती. स्टॅनली मात्र ईममध्येच राहिले आणि १६७० साली तिथेच वारले.

उत्तर सापडलं ते कुठे?

बिचाऱ्या ईमच्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही, की हा रोग येतो कुठून. कुणाला वाटे हवेतून, कुणाला वाटे देवाच्या कोपाने. प्लेगचा जंतू सापडला तो १८९४ साली, हाँगकाँगमध्ये. अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञाने तो शोधला. आणि उंदरांच्या अंगावरची पिसू हा जंतू माणसापर्यंत पोचवते, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं. कुठे माहीत आहे? कराचीत. आणि कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती!

कारण तेव्हा प्लेग इकडे आला होता. १८९६ मध्ये मुंबईत, मग पुण्यात, मग गावोगाव. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचंच नाव आहे. त्याच साथीत पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कॅथरीन मॉम्पेसनबद्दल वाचताना मला दरवेळी सावित्रीबाई आठवतात.

गंमत पाहा. आपल्याकडे प्लेग आला की गाव रिकामं करून लोक रानात झोपड्या घालून राहत. उंदीर पडले की घर सोडायचं, हे त्यांनी अनुभवाने ओळखलं होतं. ईमने मात्र घर सोडलं नाही. यातलं शहाणपणाचं कोणतं? आपल्यापुरतं पाहिलं तर रानात जाणं बरं. पण रानात जाणं वेगळं आणि रोग घेऊन दुसऱ्या गावात जाणं वेगळं. २०१६ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ईमच्या नोंदवहीतल्या तारखा गणिताने तपासून पाहिल्या. त्यांच्या मते बऱ्याच जणांना लागण झाली ती माणसाकडून माणसालाच, आणि बहुतेक घरातल्या घरात. चर्चमधल्या धूळ खात पडलेल्या नोंदवहीचा असाही उपयोग होतो!

बाई, पण...

हे सगळं सांगून झालं की वर्गात वादाला तोंड फुटतं. गेल्या वर्षी एक मुलगा म्हणाला, "बाई, मी असतो तर रात्रीच पळालो असतो."

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आणि मामाच्या गावाला प्लेग दिला असतास!"

"मामाकडे नसतो गेलो."

"मग कुणाच्या मामाकडे?"

सगळे हसले. पण एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "बाई, त्या धर्मगुरूंनी सगळ्यांना सांगितलं, जायचं नाही. पण स्वतःची मुलं तर आधीच पाठवून दिली. मग एलिझाबेथ हॅनकॉकच्या मुलांचं काय?"

खरं सांगते दोस्तांनो, माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "मुलांना पाठवलं ते गाव बंद करायच्या आधी." ती म्हणाली, "हो, पण तिच्याकडे पाठवायला जागा असती तर तिनेही पाठवलं असतं ना?"

ते खरंच आहे. ज्यांची दुसरीकडे घरं होती, नातलग होते, ते सुटले. जे राहिले त्यांतल्या पुष्कळांना जायला जागाच नव्हती. पण हेही खरं, की वेशीवर कुणी शिपाई बसवलेले नव्हते. डोंगरातल्या वाटा मोकळ्या होत्या. रात्री अंधारात निघून जायचं म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. तरी बहुतेक लोक थांबले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या मुलीला मी तसंच सांगितलं. तिचं पूर्ण समाधान झालं नाही. माझंही झालेलं नाही.

ऑगस्टचा शेवटचा रविवार

आज ईम हे शांत, टुमदार गाव आहे. गावात १९९४ पासून एक छोटं संग्रहालय आहे. त्याच्या छपरावर वारा दाखवणारं जे यंत्र आहे ना, त्यावर कोंबडा नाही. उंदीर आहे!

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी कक्लेट डेल्फच्या दरीत जमतात आणि जिथे त्यांचे पूर्वज दूरदूर उभे राहिले होते, तिथेच प्रार्थना करतात. कॅथरीनच्या थडग्यावर लाल गुलाबांचा हार ठेवतात. त्याच दिवसांत गावातल्या पाणवठ्यांची सजावट असते. मोठ्या फळीवर ओली माती थापायची आणि त्यावर फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया दाबून चित्र काढायचं. म्हणजे आपली फुलांची रांगोळीच, फक्त उभी करून ठेवलेली! ही डर्बीशायरची जुनी चाल आहे.

बाहेर पडताना चर्चमधल्या त्या यादीकडे आता पुन्हा पाहा. मघाशी ती नुसती नावं होती. आता त्यात शिंप्याचा मदतनीस ओळखीचा आहे, छोटा एडवर्ड ओळखीचा आहे, एमट ओळखीची आहे.

ईमची सहल इथे संपली. आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावातलं सर्वांत जुनं देऊळ, मशीद, चर्च किंवा नुसता वेशीजवळचा दगड शोधा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, की आपल्या गावात प्लेगच्या साली, पटकीच्या साली काय झालं होतं. कोण थांबलं, कोण गेलं, कुणी कुणाला भाकरी दिली. जे ऐकाल ते वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. ईमच्या चर्चमध्ये कुणीतरी दररोज अशीच एक-एक ओळ लिहीत गेलं, म्हणून आज आपल्याला त्या गावाला जाऊन येता आलं.

आणि हो, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला सुचलं, तर मलाही जरूर कळवा.